गोमेलाही कुंकू

आमच्या घरात पडदे कायम ओढलेले असतात. इंग्लंडातल्या या स्लाऊमध्ये ऊन येतं ते मुळात माहेरी आलेल्या लेकीसारखं, चार दिवस. पण आलं रे आलं की आमचे डॉक्टर धावत जाऊन पडदे लावतात. उन्हाने जपानी योद्ध्यांचे रंग उडतात म्हणे. बायकोचा उडाला तर त्याचं एवढं काही नाही.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, शशिधर टिपणीस. हाडांचे सर्जन, आता निवृत्त. मी सुहासिनी. इथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, मीही निवृत्त. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, क्रूझवर जातात, मंडळाच्या कमिटीत शिरून भांडतात. यांनी जपानी ठशांची चित्रं जमवायला घेतली. लाकडावर चित्र कोरायचं, प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा करायचा आणि ते एकावर एक नेमके बसवून कागदावर उमटवायचे, अशी ही कला. दीडेकशे वर्षांपूर्वी जपानात ही चित्रं चण्याफुटाण्याच्या भावात विकली जात. आता ती पांढरे सुती हातमोजे घालून हाताळायची असतात, आणि ते हातमोजे धुवायचे असतात मी.

बरं, चित्रं तरी कसली? फुलं नाहीत, बायका नाहीत, डोंगरावरचा बर्फ नाही. यांना लागतात फक्त दात-ओठ खाणारे योद्धे आणि त्यांच्यासमोरचे राक्षस. जिन्यात लांब नाकाचे पंखवाले आहेत. जेवणाच्या खोलीत गाईएवढ्या बेडकावर बसलेला एक मांत्रिक आहे. पाहुण्यांच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत पसरलेला कोळी आहे. माझी बहीण त्या खोलीत एकच रात्र झोपली आणि दुसऱ्या दिवशी तिने खालचा सोफा मागून घेतला. दिवाळीच्या फराळाला मंडळाचे लोक येतात, हातात चकली धरून भिंती बघतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "डॉक्टर, आपल्याकडे काय कमी लढवय्ये होऊन गेले का हो?"

"होऊन गेले ना," डॉक्टर म्हणतात, "पण त्यांना राक्षसांशी लढायला सवड मिळाली नाही. एकमेकांशीच वेळ गेला."

मग दरवर्षी चहा जरा लवकर आटपतो.

या सगळ्यात लाडकं चित्र गोमेचं. विंडसरच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंत, टेबललॅम्पच्या मागे ते सापडलं, आणि त्या दिवशी घरी येताना यांना गाडी धड चालवता येईना. चित्राची गोष्ट अशी. एका तळ्यावरच्या पुलावर भलामोठा साप आडवा पडलेला असतो. लोक बघतात आणि मागे फिरतात. एक योद्धा मात्र त्याला खुशाल ओलांडून जातो. साप म्हणजे त्या तळ्याचा राजा. तो म्हणतो, असाच धीराचा माणूस मला हवा होता. समोरच्या डोंगरावर राक्षसी गोम आहे, ती माझी पोरंबाळं खाते, तेवढा तिचा बंदोबस्त कर. गोम एवढी की तिने अख्ख्या डोंगराला वेढे घातलेत. योद्धा बाण सोडतो, तो घसरतो. दुसरा सोडतो, तोही घसरतो. मग तिसऱ्या बाणाच्या टोकाला तो थुंकी लावतो, आणि तो बाण बरोबर तिच्या कपाळात रुततो. माणसाच्या थुंकीने म्हणे गोम मरते. बक्षीस म्हणून योद्ध्याला तांदळाचं कधीही न संपणारं पोतं मिळतं. गोष्टीतलं तेवढं पोतं मला पहिल्यापासून आवडतं.

या चित्राच्या आकाशात, निळ्या रंगाच्या आत, लाकडाच्या बारीक रेषा उमटल्या आहेत. ठसा वापरून वापरून झिजला की त्या रेषा दिसेनाशा होतात. म्हणजे आमचं चित्र अगदी पहिल्या छापांतलं. हे डॉक्टरांनी स्वतः, भिंग लावून, इतर छापांशी ताडून सिद्ध केलं होतं, आणि त्यावर इंग्रजीत बारा पानं लिहून ठेवली होती. वाचायला कोणी नव्हतं. मी वाचली. पेपर तपासायची सवय असल्यामुळे दोन ठिकाणी स्वल्पविरामही घातले.

या सगळ्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी पोटभर हसते. पण एका गोष्टीचं मला हसू येत नाही. यांनी या देशात तीस वर्षं लोकांचे खुबे बदलले. कन्सल्टंट, म्हणजे स्वतःच्या नावाने पेशंट बघणारे मोठे साहेब, काही झाले नाहीत. का झाले नाहीत याची कारणं दर वेळी वेगळी असत आणि दर वेळी अत्यंत सभ्य असत. ऑपरेशन यांनी करायचं, पत्रावर सही साहेबांची. पेशंट बरे झाले की साहेबांना वाईनची बाटली आणून द्यायचे, आणि साहेब मनाचा मोठा, त्यातली एखादी यांना द्यायचा. हे ती घेऊन घरी यायचे. एका शब्दाने कधी बोलले नाहीत. सांगितलेलं काम चोख करायचं, एवढंच या माणसाला येतं. आपलं नाव एकदा तरी कुठल्यातरी भिंतीवर लागावं, या माणसाला यातलं कळतं असं कोणीतरी लिहावं, एवढी एकच हाव त्यांना उरली आहे. मला त्यांनी ती कधी सांगितलेली नाही. सांगायला कशाला लागते?

ती हाव पुरी करायला निघाली मायरा. मायरा ही ब्रॅकनेलच्या रेखाची, माझ्या मैत्रिणीची मुलगी. जन्म इथला. आईवडील दोघं आयटीत, आणि ही शिकली कलेचा इतिहास. घरात बरेच दिवस सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं. आता ती मँचेस्टरच्या एका लहानशा संग्रहालयात नोकरी करते. संग्रहालयाचं नाव मी सांगणार नाही, मुलीला नोकरी टिकवायची आहे. गणपतीला ती आमच्याकडे आली, आणि तीर्थ घेता घेता तिला समोरच्या भिंतीवरची गोम दिसली.

"काका! हा तुमच्याकडे आहे?" हातातलं तीर्थ तसंच. "आम्ही वॉरियर्स अँड मॉन्स्टर्स करतोय, पुढच्या स्प्रिंगला. हा चित्र मला पाहिजे. लोनवर. प्लीज?"

काकांनी तिला आकाशातल्या रेषा दाखवल्या. तिने बारा पानं तिथेच उभ्या उभ्या चाळली. म्हणाली, "हे पण पाहिजे. लेबलवर तुमचा नाव टाकू. डॉक्टर शशिधर टिपणीस, कलेक्टर अँड स्कॉलर."

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी भांडी लावत होते तर हे मागे येऊन उभे राहिले. "स्कॉलर म्हणाली ना गं ती?" मी म्हटलं, म्हणाली. थोड्या वेळाने परत आले आणि मोदकाचं पातेलं पुसता पुसता म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे स्कॉलर हा शब्द फार सैल वापरतात, पण इंग्रजीत त्याला वजन आहे."

ठरलं असं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मायरा येऊन चित्र घेऊन जाईल. त्याआधी डॉक्टरांनी ते फ्रेममधून काढलं आणि जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला टिशू पेपरवर निजवलं. कागदाची तब्येत लिहून द्यायची होती. कुठे सुरकुती, कुठे डाग, कुठे कसर लागली. डाग एकही नव्हता. तसं त्यांनी लिहूनही टाकलं, खाली सही केली.

आता आमच्या पूजेबद्दल सांगायला हवं. डॉक्टर फारसे देवभक्त नाहीत, पण दसऱ्याची शस्त्रपूजा ते चुकवत नाहीत. त्यांच्या वडिलांनीही चुकवली नव्हती. कोविडपासून आमचे गुरुजी फोनवर असतात. अंबरीशगुरुजी, पुण्याचे, वय तिशीच्या आत, कानात हेडफोन. एकाच वेळी स्लाऊ, ब्रॅकनेल आणि डब्लिन अशा तीन घरांना ते पूजा सांगतात आणि एकाचाही नैवेद्य दुसऱ्याला जात नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमची शस्त्रं मांडलेली होती: गुडघ्यावर मारायची हातोडी, हाडं कापायची जुनी करवत, ड्रिल, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, लॅपटॉप आणि माझी पेपर तपासायची लाल पेनं. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती.

पूजेला बसलेल्या यजमानाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. हायकोर्टाचा जज्ज असो की सर्जन, पाटावर बसला की त्याचं डोकं बंद होतं आणि हात गुरुजींच्या ताब्यात जातात. पळीभर पाणी सोडा, सोडतो. डोळ्यांना लावा, लावतो. उजवीकडे वाहा म्हटलं की उजवीकडे. का म्हणून विचारत नाही. यांच्या बाबतीत तर विचारूच नका.

"गंध, अक्षता, हळद, कुंकू, फूल," गुरुजी सांगत होते. करवत झाली, ड्रिल झालं, लाल पेनं झाली. तेवढ्यात फोन जरा कलंडला आणि मी तो सरळ करायला गेले, तर त्यात टेबलाचं पलीकडचं टोक दिसू लागलं.

"डॉक्टर, ते काय मागे? धनुष्य दिसतंय."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"अहो मग आयुध राहिलं की! राहिलेलं आयुध ठेवू नये. वाहा, वाहा. गंध..."

मी "अहो" म्हणेपर्यंत हात पोचला होता. ओलं गंध धनुष्याला. मग धनुष्य धरणाऱ्याला कपाळ आहे म्हटल्यावर ते कपाळाला. हळद. कुंकू. अक्षता.

"आणि शेजारी ते कोण? शेषनाग का?"

"गोम आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू द्या. जीवच आहे. तिलाही वाहा."

गोमेलाही कुंकू लागलं. वर झेंडूची पाकळी. "नमस्कार करा," गुरुजी म्हणाले, आणि डॉक्टरांनी हात जोडून डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडले तेव्हा त्यांना दिसलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसून राहिले. फोनमध्ये गुरुजी डब्लिनला आरती सांगत होते. ओल्या कागदात कुंकू हळूहळू पसरत योद्ध्याच्या भुवयांपर्यंत आलं. मी टिपकागद आणला, मऊ ब्रश आणला. पण हळद ती हळद. साडीवर पडली तर साडी जाते, हळद जात नाही. आणि इथे तर कागद. मी जीवशास्त्राची बाई, मला दिसत होतं की काही होण्यासारखं नाही. तरी बोलून गेले, "जाऊ द्या हो. तुमच्याकडे एवढी चित्रं आहेत. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती काय लंगडी होते?"

"पाय नाही मोडला सुहास," ते म्हणाले, "डोकं गेलं."

त्या दिवशी श्रीखंड तसंच राहिलं. दुपारी त्यांनी कागदाच्या तब्येतीचं पान पुन्हा काढलं, 'डाग: नाही' असं होतं ते खोडलं, आणि पुढे काय लिहावं ते त्यांना सुचेना. मायराला फोन करून येऊ नकोस म्हणून सांग, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. कोणीच सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायरा हजर.

तिने टेबलापाशी येऊन चित्र पाहिलं. हे खिडकीपाशी पाठ करून उभे होते, पडद्याकडे तोंड.

"ओ माय गॉड, काका," मायरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, बिचारी रडते आहे. "हा किती सुंदर आहे!"

डॉक्टर वळले.

"म्हणजे सगळे प्रिंट्स नुसते भिंतीवर मेलेले असतात. आणि हा तर जिवंत आहे! तुम्ही त्याचा पूजा करता? आणि मॉन्स्टरचा पण?" तिने गोमेच्या कपाळाकडे बोट केलं. "दोघांचा सेम? ओ माय गॉड. पण काका, एक विचारू? हे डेलिबरेट होता ना? कारण ऍक्सिडेंट असेल तर तो डॅमेज आहे. मग मी नाही घेऊ शकत, कंझर्वेशन नाहीच म्हणेल. पण पूजा असेल तर इट्स अ लिव्हिंग ऑब्जेक्ट. मग तो मेन वॉलवर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात साखर घालत होते, मी काही पाहिलं नाही. त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"पूजाच होती," ते म्हणाले.

खोटं ते बोलले नाहीत. पूजा होतीच.

त्यानंतर मायराच्या ईमेल सुरू झाल्या. तुमच्या घराण्यात ही प्रथा किती पिढ्यांची? योद्धा तुमच्यासाठी कोणत्या देवाचं रूप आहे? कुंकू नेमकं कुठून आणता? (हाउन्स्लोहून, जिथे सगळे आणतात.) एक फोटो लागेल, शक्यतो पारंपरिक पोशाखात. पारंपरिक म्हणजे यांचा पोशाख तीस वर्षं ऑपरेशनचा निळा स्क्रब होता. शेवटी पुतण्याच्या लग्नातला झब्बा काढला, तो पोटावर बसेना. दर ईमेलला डॉक्टर उत्तरं लिहायचे, आधी जरा चाचरत आणि मग चाचरणं कमी होत गेलं. मी एकदा मागून वाचलं तर लिहिलं होतं, "आमच्या परंपरेत शत्रूचाही सन्मान केला जातो." मी म्हटलं, "कुठल्या परंपरेत? परवा पार्किंगवरून शेजाऱ्याला काय म्हणालात?" त्यांनी लॅपटॉप बंद केला.

बारा पानांचं काय झालं? ती लेबलावर मावत नव्हती. मायराने आधी एक पान मागितलं, मग एक परिच्छेद, मग म्हणाली की लाकडाच्या रेषांचं लोकांना फारसं कळणार नाही. स्प्रिंगमध्ये तिने लेबलाचा फोटो पाठवला. त्यावर इंग्रजीत होतं: 'योद्धा आणि गोम. रंगीत ठसे, हळद, कुंकू, तांदूळ. स्लाऊच्या एका हिंदू घरात योद्धा आणि राक्षस या दोघांची समान भक्तिभावाने पूजा होते. डॉ. शशिधर टिपणीस, भक्त आणि संग्राहक.' स्कॉलर कुठे नव्हतं. पण नाव होतं, ठळक अक्षरात. डॉक्टरांनी तो फोटो नागपूर मेडिकलच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. तिकडून चाळीस जणांनी हात जोडलेले पाठवले. एकाने लिहिलं, 'परदेशात राहून धर्म जपलास, धन्य आहेस.' हा तोच, ज्याच्याबरोबर यांनी कॉलेजात उपासाच्या दिवशी अंडाभुर्जी खाल्ली होती.

उद्घाटनाला आम्ही मँचेस्टरला गेलो. स्टेशनवरून ट्रामने. यांनी तोच झब्बा, शिलाई उसवून, घातला होता, वरून ओव्हरकोट. दालनात शिरलो तर समोरच्या भिंतीवर, एकटी, दिव्याखाली, आमची गोम. बाकीचे योद्धे बाजूच्या भिंतींवर दाटीवाटीने. माणसं वाईनचे ग्लास घेऊन आमच्या चित्रासमोर उभी होती आणि हलक्या आवाजात बोलत होती, देवळात बोलतात तशी. डॉक्टर लेबलापाशी गेले आणि वाचत राहिले. दोन ओळींना त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. लहान मुलाला पहिला नंबर मिळाल्यावर ते हसतं तसे. खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, असू दे खोटं. तीस वर्षं बाटल्या घरी आणल्या या माणसाने. असू दे.

तेवढ्यात मायरा आली. तिच्यामागे संग्रहालयाचे डायरेक्टर आणि त्यांच्यामागे एक मुलगी ट्रे घेऊन. ट्रेमध्ये स्टीलच्या वाट्या: हळद, कुंकू, पाणी, बासमती.

"काका, एक सरप्राइज आहे," मायरा म्हणाली. "सगळ्यांना बघायचंय. फक्त एकदा, जसं घरी करता तसं. आज काच नाही लावला मुद्दाम."

मी पाहिलं तर खरंच चित्रावर काच नव्हती. कोपऱ्यात एक करड्या केसांच्या बाई उभ्या होत्या, कंझर्वेशनच्या, म्हणजे चित्रांची निगा राखणाऱ्या, ओठ घट्ट मिटून. त्यांना हे पटलेलं दिसत नव्हतं, पण त्यांनाही कोणीतरी सांगितलंच असणार.

डायरेक्टर दोन वाक्यं बोलले. माणसं गोल करून उभी राहिली, ग्लास खाली, मोबाइल वर. मायराने हातातलं कार्ड धरलं आणि इंग्रजीत वाचू लागली, "सर्वप्रथम, पाणी." डॉक्टरांनी बोट पाण्यात बुडवलं. "नंतर, कुंकू." बोट कुंकवात बुडवलं. हात उचलला गेला. मी ओळखलं. दसऱ्याच्या दिवशी टेबलावरून गेला होता तोच हात, तसाच, ज्याला कोणी विचारलेलं नसतं असा. बोट योद्ध्याच्या कपाळासमोर गेलं.

आणि थांबलं.

मला वाटलं, हात कापेल. कापला नाही. सर्जनचा हात तो. नुसता हवेत थांबला. बोटाच्या टोकाशी लाल थेंब जमायला लागला, तसा त्यांनी दुसरा हात खाली धरला, कागदावर पडू नये म्हणून.

"माफ करा," ते इंग्रजीत म्हणाले. "हे मला करता येणार नाही. हा कागद फार जुना आहे. याला ओलं बोट लावायचं नसतं. हे जे डाग तुम्ही बघताय, ती भक्ती नाही. ती चूक आहे. आमचे गुरुजी फोनवर म्हणाले, लावा, आणि मी लावलं. मला सांगितलं की मी करतो. जन्मभर तेच केलं." मग आवाज जरा चढला. "चित्र बघायचंच असेल तर वर आकाशात बघा. तिथे लाकडाच्या रेषा आहेत. बघण्यासारखं ते आहे."

कोणी वर बघितलं नाही. सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होते. इंग्रज माणसं अवघडली की जशी गप्प होतात तशी गप्प होती. पुढे काय होणार याची वाट बघत.

मायरा जवळ आली. चेहरा पांढरा पडलेला. मराठीत कुजबुजली, "काका, असं सगळ्यांसमोर... आता मला हा काढावा लागेल. उद्याच. लेबल पण."

"काढ," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा नाव पण जाईल."

"जाऊ दे."

मला या माणसाचा फार अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत मी याला कोणाला 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. साहेबाला नाही, गुरुजींना नाही, मला तर नाहीच. आणि म्हणाला तो कुठे, तर जिथे 'हो' म्हटल्याने त्याला जन्माचं हवं होतं ते मिळालं होतं तिथे.

आता राहिलं ते बोट. ओलं, लाल, हवेत. चहूकडे पांढऱ्या भिंती, झब्बाही क्रीम रंगाचा, पुसायचं कुठे? मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून पाहिलं, एक पाऊल पुढे आले आणि ते बोट माझ्या कपाळाला टेकवलं. या देशातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात पोरांनी कपाळाला लागलंय का म्हणून विचारलं, तेव्हापासून मी कुंकू सोडलं होतं. गार पाण्याचा थेंब नाकावर ओघळला. रुमाल मी पर्समध्येच राहू दिला.

आणि टाळ्या पडल्या.

आधी एक-दोन, मग सगळं दालन. डायरेक्टर टाळ्या वाजवत होते. एक बाई डोळे पुसत होत्या. माझ्या कानावर आलं, कोणीतरी शेजारच्याला सांगत होतं, आधी नकार द्यायचा आणि मग पत्नीला द्यायचं, अशी ही पद्धत असते. सगळे मोबाइल माझ्या कपाळाकडे वळले होते. फक्त त्या करड्या केसांच्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनी गुपचूप चित्रावर काच बसवली.

डॉक्टर दचकले होते. मग हळूहळू ते सरळ उभे राहिले, पाठ ताठ, आणि त्यांनी मान किंचित लववून टाळ्यांचा स्वीकार केला. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बघितलंस सुहास? मला वाटलं होतं रागावतील. पण खरं सांगितलं की पटतं गं माणसांना."

"पटतं ना," मी म्हटलं.